अक्का, ती बातमी खोटी होती

अक्का,

तुमच्या जाण्याची बातमी मी पेपरात दिली नाही. द्यायला अडचण काही नव्हती. मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली असली तरी जळगावच्या आमच्या कचेरीत अजून माझा फोन उचलतात. डेस्कवरच्या मुलीनं विचारलंही, "सर, वय सांगा, पश्चात कोण आहे ते सांगा, अंत्यविधी कुठे झाला ते सांगा, मी लावून देते." मी म्हटलं, राहू दे. त्या पेपरात तुमच्याबद्दल मी आयुष्यात एकदाच लिहिलं, तेही तीन कॉलम, आणि त्यातली जवळजवळ एकही ओळ खरी नव्हती. तिथंच, माझ्याच हातून, पुन्हा तुमचं नाव छापून यावं हे मला जमेना.

मंगळवारी सकाळी जमुनाचा फोन आला. "काका, अक्का गेल्या. झोपेतच गेल्या." एवढंच म्हणाली. मी आंघोळ केली, स्टँडवर गेलो आणि धुळ्याची गाडी पकडली. एरंडोल गेलं, पारोळा गेला. पारोळ्याच्या पुढे जिथं माझी स्कूटर घसरली होती तिथं आता रस्ता रुंद झालाय, नेमकी जागा सापडत नाही. तरी मी प्रत्येक वेळी खिडकीतून बघतो. आपली ओळख त्या जागेपासूनची. त्याआधी दोन वर्षं मी तुमचं वाटोळं करून मोकळा झालो होतो, पण तुमचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

ते आधी सांगतो. तुम्हाला सगळं माहीत आहे. हे वाचणाऱ्यांना माहीत नाही.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा, धुळ्याचा वार्ताहर. तुम्ही तिथल्याच देवपूरला एका मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका होतात. सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेल्या साठेक मुली तुमच्याकडे होत्या. त्या तुम्हाला अक्का म्हणत, म्हणून सगळी गल्ली अक्का म्हणे. वसतिगृहाच्या धान्याच्या कोठीवर वसंत नावाचा कारकून होता. एका दुपारी तो स्टँडसमोरच्या टपरीवर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, बाईनं पाचवीतल्या पोरीच्या हातावर तापलेलं उलथणं ठेवलं. पोरगी गावाला धाडून दिली, कोणाला कळू नये म्हणून." ती पोरगी म्हणजे जमुना. मी विचारलं, "तू पाहिलंस?" तो म्हणाला, "बठ्ठ्यांनी, सगळ्यांनीच पाहिलं. घाबरून बोलत नाहीत."

जमुनाचं गाव शिरपूरच्या वर, डोंगरात. दिवसातून एक बस जायची आणि ती दुसऱ्या दिवशी परत यायची. मला तिथं मुक्काम करायचा नव्हता. वसतिगृह तर माझ्या खोलीपासून सायकलनं दहा मिनिटांवर होतं. तिथंही गेलो नाही, कारण तुम्हाला भेटलो असतो तर तुम्ही खुलासा केला असता, आणि खुलाशानं बातमी मवाळ झाली असती. 'असे समजते', 'असे विश्वसनीय सूत्रांकडून कळते' असं दोन-तीनदा घालून मी ती जळगावला पाठवून दिली. मुलीचं नावही दिलं, गावही दिलं. दुसऱ्या दिवशी चौकटीत आली. मथळा मी इथं लिहीत नाही.

त्या दिवशी वसतिगृहाच्या फाटकावर माणसं जमली. त्याच्या दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या कमिटीनं तुम्हाला पत्र दिलं: चौकशी संपेपर्यंत कामावर यायचं नाही आणि राहायची जागा रिकामी करायची. एक ट्रंक, एक वळकटी आणि शिलाई मशीन हातगाडीवर घालून तुम्ही त्याच गर्दीतून बाहेर पडलात. हे मी पाहिलेलं नाही. पुढे कधीतरी तुम्हीच सांगितलंत, तेही हातगाडीवाल्यानं वाटेत मशीनचं हँडल मोडलं याची तक्रार म्हणून.

चौकशी आठ महिने चालली. पंगतीत वाढताना वरणाचं पातेलं कलंडून जमुनाचा हात भाजला होता. तुम्हीच तिला दवाखान्यात नेलं होतं आणि मग तिची आई तिला घरी घेऊन गेली होती. आईनं येऊन तसं सांगितलं. तुम्ही निर्दोष ठरलात, पण तोवर तुमच्या जागेवर दुसऱ्या बाई आल्या होत्या. निकाल मला कळला होता. मी तो छापायला दिला नाही.

म्हणून आता लिहितो. अक्का, ती बातमी खोटी होती. देवपूरच्या एस्तेर अक्कांनी त्या मुलीला काहीही इजा केली नव्हती. बातमी लिहिणाऱ्यानं मुलीला, तिच्या आईवडिलांना किंवा अक्कांना न भेटता ती लिहिली. ती लिहिणारा मी, दिनकर.

एवढं लिहायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली.

बातमीनंतर दोन वर्षांनी, कापसाची ट्रॉली चुकवताना पारोळ्याजवळ माझी स्कूटर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात पायाला वजन बांधून सहा आठवडे तो वर टांगून ठेवला. बायकोला, शोभाला, आठवा महिना होता, ती माहेरी मुक्ताईनगरला. एरंडोलला आईचे गुडघे गेलेले. मोठा भाऊ चार दिवस राहिला आणि कापसाची वेचणी सुरू झाली म्हणून परत गेला. पेपरातले मित्र पहिल्या आठवड्यात आले, केळी ठेवून गेले. नंतर मी आणि वरचा पंखा.

तेव्हा तुम्ही आलात. पांढरी सुती साडी, घट्ट अंबाडा, हातात डबा. वॉर्डात पाड्यांवरचे पेशंट असायचे, त्यांचं बोलणं डॉक्टरांना कळत नसे आणि डॉक्टरांचं त्यांना. तुम्ही दोन्हीकडचं समजावून सांगायला यायचात. माझ्या खाटेपाशी थांबलात, पायथ्याचा कागद उचलून वाचायला लागलात. बराच वेळ वाचत होतात. मला वाटलं, बाईंना चष्म्याची गरज आहे. मग तुम्ही विचारलंत, "घरचं कोणी नाही?"

"नाही."

"भात खाशील की भाकरी?"

दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू झाला. मुगाची डाळ आणि मऊ भात, कधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मेथीची भाजी. तुम्ही माझं तोंड धुतलंत, पाठीला पावडर लावलीत, दोन-तीनदा शौचाचं भांडंसुद्धा दिलंत. मी लाजलो तर म्हणालात, "आडवं पडल्यावर कसली लाज." मी तुम्हाला नुसतं 'बाई' म्हणत होतो. चर्चकडून कोणीतरी येतात, एवढंच मी धरून चाललो होतो. नाव विचारलं नव्हतं. माझा धंदा प्रश्न विचारण्याचा, आणि तीन आठवडे जिच्या हातचं जेवलो तिला मी नाव विचारलं नाही.

एका दुपारी पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं तुम्हाला "अक्का" अशी हाक मारली. धुळ्यात अक्का पुष्कळ. तरी मला माझी बातमी आठवली. मी विचारलं, "बाई, तुमचं नाव काय?"

"एस्तेर."

"असता कुठे?"

"देवपूरला. शिवण शिकवते. आधी वसतिगृहात होते." तुम्ही भाकरीचे तुकडे करत होतात. करत राहिलात.

पळायची सोय नव्हती. मी तोंड भिंतीकडे वळवलं, तेवढंच वळत होतं. थोड्या वेळानं भिंतीकडे बघतच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच. कागदावर नाव होतं."

"मग डबा का आणला?"

"तुला भूक लागली होती म्हणून."

"अक्का, मी तुमची माफी..."

"ते झालंय."

"कधी झालं? मी अजून मागितली कुठं?"

"तू मागायची वाट बघत बसले असते तर डाळ आंबली असती," तुम्ही म्हणालात. "इकडे वळ. जेव."

मी जेवलो. लोकांना वाटेल मी रडलो असेन. नाही. मला तुमचा राग आला होता. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. तुम्ही शिव्या दिल्या असत्या, डबा बंद केला असता, तर मला माझी जागा कळली असती. तुम्ही माझ्याकडे काही करण्यासारखं ठेवलंच नाही. पुढचे दोन आठवडे मी रोज तो डबा खाल्ला आणि रोज मनात चडफडलो.

शेजारचे पेशंट चेष्टा करायचे, बाई तुम्हाला ख्रिस्ती करून घरी पाठवणार. तुम्ही एकदाच विचारलंत, "तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?" मी म्हटलं, नको. तुम्ही "बरं" म्हणालात आणि पुन्हा विषय काढला नाही. दोन वर्षांनी मी सहज म्हटलं, तुम्ही कधी आग्रह केला नाहीत. तर म्हणालात, "घरी करते की रोज. तिथं तुझी परवानगी लागत नाही."

पाय बरा झाल्यावर मी जळगावला जाऊन संपादकांना भेटलो. खुलासा छापू या म्हटलं. ते म्हणाले, "लोक विसरले. तू कशाला उकरतोस?" घरी मुलगी, मुक्ता, दीड महिन्याची होती, माझी नोकरी कायम व्हायची होती. मी "बरं" म्हणून बाहेर आलो आणि तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "जमेल तेव्हा लिही. माझ्यासाठी नको. रतनसाठी लिही, तिच्या पोरीचं नाव आलंय त्यात." रतन म्हणजे जमुनाची आई. तिचं नाव घेताना तुमचा आवाज बदलला होता, पण मी तेव्हाही काही विचारलं नाही. आता रतनलाही जाऊन चार वर्षं झाली. तिच्या हयातीत मी लिहिलं नाही.

जळगावला बदली झाली तरी महिन्या-दोन महिन्यांतून मी देवपूरला तुमच्या खोलीवर येत राहिलो. एका बाजूला मशीन, दुसरीकडे शिवण शिकणाऱ्या चार-पाच मुली. लिंबाचा चहा, साखर नेहमी कमी. तुम्हाला कोणी संत म्हटलं तर मला हसू येतं. ते लोक तुमच्या शिवणवर्गात आले नसावेत. टाका वाकडा गेला की तुम्ही सबंध बाही उसवायला लावायचात आणि मुलगी रडली तरी दुसरा टाका घालून देत नव्हतात. नळाच्या पाण्यावरून शेजारणीशी तुमचा तीन वर्षं अबोला होता. मी एकदा म्हटलं, "अक्का, मला माफ केलंत आणि तिला नाही?" तुम्ही म्हणालात, "तू लांब राहतोस. ती रोज दिसते."

आपला वाद तिथंच चालायचा. मी म्हणायचो, "अक्का, केलेलं माणसानं फेडलं पाहिजे."

"फेड ना. कोणी अडवलंय? फेडून झालं की सांग."

"तसं नाही. तुम्ही फेडायला जागाच ठेवली नाही."

"हां," तुम्ही सुईत दोरा ओवत म्हणालात, "आमच्यात त्यालाच कृपा म्हणतात. सुरुवातीला कोणालाच आवडत नाही."

मग मी चिडून म्हणायचो, असं असेल तर वाईट वागणाऱ्यांची चैनच आहे. तुम्ही म्हणायचात, "आहेच. मी त्यातलीच." मला ते पोकळ वाटायचं. चर्चमध्ये सगळेच स्वतःला पापी म्हणवून घेतात, त्यातलाच प्रकार.

माझी मुक्ता सात-आठ वर्षांची असताना मी तिला एकदा बरोबर आणलं. तुम्ही तिला निळा फ्रॉक शिवून दिलात. परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, "बाबा, या आजी आपल्या कोण?" मी म्हटलं, "ओळखीच्या." शोभालाही तेवढंच माहीत होतं: दवाखान्यात डबा देणाऱ्या धुळ्याच्या बाई. बातमीबद्दल मी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. तुमच्यापुढे मी उघडा होतो, घरी नव्हतो.

तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी आलो होतो ना, सहा वर्षांपूर्वी. डोळ्यात थेंब घालून तुम्हाला बाकावर बसवलं होतं, तासभर डोळे उघडायचे नाहीत म्हणून सांगितलं होतं. त्या तासात तुम्ही बोललात. मी काही विचारलेलं नव्हतं.

तुम्ही वसतिगृहात नव्या होतात, पंचवीस-सव्वीस वर्षांच्या. तुमचं मनगटी घड्याळ हरवलं, वडिलांनी दिलेलं. त्या दिवशी तुमच्या खोलीची झाडलोट रतनकडे होती. तेरा वर्षांची मुलगी. तुम्ही तिला सकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांसमोर उभं केलंत आणि विचारलंत. ती काही बोलेना. बोलत नाही म्हणजे हिनंच घेतलं, असं तुम्ही ठरवलंत. तिला पेटीसकट बसमध्ये बसवून दिलंत. घरच्यांनी वर्ष-दीड वर्षात तिचं लग्न लावून टाकलं. घड्याळ पुढच्या उन्हाळ्यात सापडलं, कपाट सरकवताना, भिंतीच्या फटीत.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. मी ते ट्रंकेत टाकलं. कोणाला सांगितलं नाही. रोज मुलींकडून प्रार्थना म्हणून घेत होते आणि बारा वर्षं कोणाला सांगितलं नाही."

शेवटी तुम्ही गेलात. बस, मग डोंगरातली पायवाट. रतनच्या अंगणात पोचलात तर ती तुम्हाला लांबूनच बघून आत गेली. तुम्हाला वाटलं, संपलं. तुम्ही उन्हात तशाच उभ्या राहिलात. थोड्या वेळानं तिनं पाणी आणून दिलं, खाट टाकली. तुम्ही बोलायला सुरुवात केलीत, घड्याळ पदराच्या गाठीतून काढून तिच्यापुढे धरलंत. तिनं ते हातातही घेतलं नाही. म्हणाली, "माले माहित व्हतं, अक्का. आते जेवी ल्या."

"दिनकर," तुम्ही मिटल्या डोळ्यांनी म्हणालात, "चुलीवर कोंबडी शिजत होती. मी तोंड उघडायच्या आधी तिनं कोंबडी कापली होती. मला लांबून बघून ती त्यासाठी आत गेली होती. त्यांच्याकडे तेव्हा दोनच कोंबड्या होत्या, मी नंतर मोजल्या."

जेवण झाल्यावर रतननं आपल्या दहा वर्षांच्या पोरीला तुमच्याकडे पाठवायचं म्हणून पुढे केलं. म्हणाली, "हाई मनी पोर. इले तुमनाकडे शिकाले धाडस."

ती जमुना.

"मी चर्चमध्ये जन्मले, दिनकर. कृपा हा शब्द मी हजार वेळा गायला असेल. तो काय असतो ते मला त्या अंगणात कळलं. जिला मी चोर ठरवलं तिनं तिची पोर माझ्या हातात दिली." गालावर ओघळलेला औषधाचा थेंब तुम्ही पदरानं टिपलात. "आणि दीड वर्षांनी तुझी बातमी आली. जमुनाच्याच भाजल्या हाताची. मला वाटलं, आली आपली पाळी. तू लिहिलंस ते खोटं होतं, पण मी तशी बाई नव्हते असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येईना."

"राग आला नाही?"

"आला की. कमिटीचा तर नऊ वर्षं गेला नाही. तुझाही आला. पण चौकशीला रतन आली. इतक्या माणसांपुढे उभी राहून म्हणाली, 'ह्या बाईनी मनी पोरले हात लावा नही.' त्यानंतर मी तुझ्यावर राग धरून बसणार कुठे?"

नर्सनं तुम्हाला आत बोलावलं. मी तुमच्या चपला धरून बाकावर बसून राहिलो. त्या दिवशी मला तुमच्याशी बोलायचं होतं. बाहेर आलात तर डोळ्यावर पट्टी होती आणि तुम्हाला भूक लागली होती. मी केळी आणायला गेलो. ते बोलणं राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर माझ्या फेऱ्या कमी झाल्या. आधी ती साथ, मग माझं ब्लडप्रेशर, शिवाय थोडा आळस. वर्षातून दोनदा, तीनदा.

मंगळवारी तुमचं चर्च भरलं होतं. शिवणवर्गातल्या बायका, त्यांच्या लेकी, अबोला धरणारी शेजारीण, पाड्यांवरून दोन जीप भरून आलेली माणसं. तुमच्या खोलीवर नेहमी भेटणारी जमुना दारातच भेटली. ती आता तिकडेच आरोग्य केंद्रात नर्स आहे. मनगटापासून कोपरापर्यंतचा डाग अजून दिसतो. मी तिच्याकडे बघायचं टाळतो, तीस वर्षं टाळलंय. तिनंच माझा हात धरून मला पुढे बसवलं.

शवपेटी उचलताना एक म्हातारा मध्ये घुसला. उजवा हात लुळा, पाय ओढत चालणारा. पेलणं शक्य नव्हतं, तरी डाव्या हातानं कडी सोडेना. चर्चच्या पाळकांनी समजावलं, त्यानं ऐकलं नाही. तसाच लोंबकळत दफनभूमीपर्यंत आला. मी जमुनाला विचारलं, "हा कोण?"

"वसंतकाका. अक्कांच्या मागच्या खोलीत राहतात. चार वर्षं झाली."

"कोण वसंत?"

"कोठीवरचे, काका."

"मी आलो तेव्हा कधी दिसला नाही."

"तुम्ही येणार असलात की अक्का त्यांना माझ्याकडे पाठवून द्यायच्या. म्हणायच्या, दिनकरला अजून झेपायचं नाही."

अक्का, तुमचं बरोबर होतं. झेपलं नाही. मूठमाती देताना मला दुःख होत नव्हतं, राग येत होता. पाळक प्रार्थना म्हणत होते आणि मी मनात तुमच्याशी भांडत होतो. मी आळसानं केलं, अक्का. यानं ठरवून केलं. मी तुम्हाला ओळखत नव्हतो, हा रोज तुमच्या हातचं खात होता. आम्ही दोघं एक कसे? मला दिलंत ते यालाही दिलंत, तेही घरात ठेवून? असं भांडता भांडता मला माझंच ऐकू आलं. म्हणजे इतकी वर्षं मी मनाच्या कोपऱ्यात हे जपून ठेवलं होतं, की मला माफी मिळाली ती थोडीफार मिळण्याजोगी होती म्हणून. मी तसा बरा माणूस होतो म्हणून. तुम्ही खाटेपाशी कागद वाचत उभ्या होतात तेव्हा माझ्यात तसं काय दिसलं असेल? टांगलेला पाय आणि ते नाव.

लोक पांगल्यावर तो माझ्याजवळ आला. "साहेब, वळखं का माले?"

मी हो म्हणून मान हलवली.

तो सांगत गेला. कोठीतलं धान्य तो बाहेर विकायचा. तुम्ही त्याला पकडलंत, कमिटीला न कळवता आठ दिवसांची मुदत दिलीत, गुपचूप परत आणून ठेव म्हणालात. त्याला ते आठ दिवस सोसले नाहीत. बाई आज ना उद्या सांगेल या भीतीनं तो टपरीवर माझ्याकडे आला. पुढे नव्या बाईंनी त्याला काढून टाकलं. दारू लागली, घर सुटलं, मग अर्धांगाचा झटका आला. एका रविवारी तो चर्चच्या पायरीवर बसला होता, तुम्ही उपासनेनंतर त्याला रिक्षात घालून घरी आणलंत.

"मी सांगितलं अक्काले बठ्ठं. त्या म्हणाल्या, माले तव्हाच माहित व्हतं." मग म्हणाला, "साहेब, तुमच्याही नोकरीवर बेतलं असतं माझ्यामुळे."

माझ्या नोकरीवर काहीच बेतलं नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं नाही. गाडी पकडायची आहे म्हणालो आणि निघालो. हातही जोडले नाहीत.

घरी आल्यावर मी शोभाला सगळं सांगितलं. बातमी, चौकशी, हातगाडी, डबा, रतन, वसंत. सांगायला संध्याकाळ लागली. मी थांबल्यावरही ती मेथी निवडत राहिली. मला वाटलं, आता विचारेल की तीस वर्षं माझ्यापासून का लपवलंस. ते तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं, आणि नीट विचारलं. त्याचं मी इथं लिहीत नाही. त्या संध्याकाळी तिनं एकच विचारलं, "त्याला गोळ्या कोण देतं आता?"

मला माहीत नव्हतं. मी जमुनाला फोन केला. ती म्हणाली, अक्का दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ठेवायच्या, काकांना वाचता येतं पण नजर गेलीय आणि एका हातानं पाकीट फुटत नाही. जेवण शिवणवर्गाच्या बायका देताहेत. घरमालक दोन महिने थांबायला तयार आहे. गोळ्यांचं ती बघेल, पण तिला डोंगरातून दर आठवड्याला उतरणं कठीण आहे.

रविवारी मी देवपूरला गेलो. तुमची खोली बंद होती, मागची उघडी. तो खाटेवर बसला होता. मी चिठ्ठी बघून गोळ्या लावल्या, सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या, आणि पुड्या बांधल्या. पुड्या बांधायला मला तासभर लागला. तो बघत होता. संपत आल्यावर म्हणाला, "साहेब, तुम्ही माले माफ करं का?"

अक्का, मी तुमच्यासारखा नाही. "नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

त्यानं मान हलवली, जणू ते ठीकच होतं, आणि डावा हात पुढे केला. मी त्यावर सकाळची गोळी ठेवली.